सोडावाल्या काकांची जीभ

उभ्या सोलापुरात प्लास्टिकच्या बाटलीला तोंडावर शिव्या देणारा एकच माणूस आहे, आमच्या शेजारचे सोडावाले काका. जन्मभर गोळीसोडा विकला. म्हातारपणी दुकान बंद केलं, तोंड केलं नाही. "काच गरीब असती. आत कोण आलं, काय इचारत न्हाय. प्लास्टिक मातर सोड्यातला ग्यास घालवतंय आन् वर आपला वास चिकटवतंय!" हे व्याख्यान गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ आहे. एका लग्नात त्यांनी पाण्याची बाटली हुंगून वधूपित्याला विचारलं, "ही किती दिस उन्हात हुती?" तो बिचारा पाठवणी सोडून बाटल्या हुंगत बसला. अक्कलकोटच्या एसटीत त्यांच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली चपटी काचेची बाटली पाहून कंडक्टरचे डोळे चमकले होते. आत साधं पाणी निघालं, याचं वाईट त्यालाच जास्त वाटलं. एकदा मी प्लास्टिकच्या बाटलीतला सोडा गुपचूप काचेच्या बाटलीत ओतून त्यांच्यापुढे ठेवला. एकच घोट घेऊन ते म्हणाले, "कापडं बदलली म्हनून माणूस बदलत न्हाय." मी नाक मुठीत धरून घरी आलो.

दर उन्हाळ्यात काकू लिंबाचं सरबत करून डझनभर काचेच्या बाटल्या भरत. गल्लीभर वाटत, आणि काका मालकासारखे मिरवत. यंदा काकूंच्या उजव्या हातावरून वारं गेलं. पहिल्याच दिवशी दोन बाटल्या निसटून फुटल्या. काकू काचा वेचता वेचता रडल्या. "आता माज्याच्यानं न्हाय व्हायचं. हितनं फुडं सरबत बंद," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका बाजारातून आले ते डझनभर प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन. गल्लीने तोंडात बोटं घातली. काका कुणाकडे न बघता घरात गेले.

आठवड्याने मी गेलो, तेव्हा काकूंनी थरथरत्या हाताने, पण एक थेंब न सांडता, आम्हा दोघांचे पेले भरले. मी प्यालो. माझ्यासारख्या अडाण्यालाही प्लास्टिकचा वास आला. मी काकांकडे बघितलं. त्यांनी पेला एका दमात रिकामा केला.

"अवो, वास न्हाय नं येत?" काकूंनी भीत भीत विचारलं.

"कसला वास? लई झ्याक झालंय की," काका म्हणाले आणि पेला पुढे केला. "आनकी घाल."