मुळीकअण्णांचा राहिलेला समारंभ

दुपारचं जेवण अंगावर आलंय, हातात कागद आहे आणि डोळे मिटायला लागलेत. संध्याकाळी आमच्या पाणीपुरवठा विभागातल्या बागवडेबाई निवृत्त होतायत आणि निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात पडलंय. इतकी वर्षं हे काम मुळीकअण्णांचं होतं. पण ते गेल्या श्रावणात वारले, तेही स्वतःची निवृत्ती तोंडावर आलेली असताना. मी 'पाण्यासारखा निर्मळ स्वभाव' एवढं लिहितो आणि पेन बोटांतून घसरतं.

"हे वाक्य माझं आहे," कुणीतरी म्हणतं.

पलंगाच्या कडेला अण्णा बसलेत. कडक इस्त्रीचा सफारी, कपाळाला अष्टगंध, तब्येत उलट सुधारलेली. मला जराही नवल वाटत नाही. मी म्हणतो, तुमचंच भाषण करणार आहे, नाव तेवढं बदलतो. हे त्यांना आवडत नाही. वास्तविक त्यांनी जन्मभर दुसरं काय केलं? शिपाई असो की अभियंता, आमच्याकडून निवृत्त होणारा प्रत्येक जण पाण्यासारखा निर्मळ होता. एकदा तर अण्णा नाव बदलायलाच विसरले आणि आधी निवृत्त झालेल्याचंच गुणगान करून बसले. त्या दिवशीच्या सत्कारमूर्तींनीही भारावून टाळ्या वाजवल्या.

"चल, उशीर व्हायलाय," अण्णा म्हणतात.

घराचा जिना उतरावा तर आम्ही गावच्या उंच टाकीचा जिना चढतोय. वर सभागृह भरलंय. घोट्यापर्यंत पाणी आहे, आणि सगळे पँटी दुमडून निवांत बटाटेवडे खातायत. आज प्रेशर चांगलं आहे, असं व्हॉल्व्हवाले शिंगटे समाधानानं सांगतात. मी माइकपाशी जाऊन पाहतो, तर सत्काराच्या खुर्चीत बागवडेबाई नाहीत, अण्णा आहेत. बाई पहिल्या रांगेतून मला खुणावतात, त्यांचं होऊ दे आधी.

"अण्णा, तुमची शोकसभा झाली की," मी हळूच सांगतो.

"झाली. दोन मिनिटं सगळे गप्प उभारलात. मला जन्मात कुणी दोन मिनिटं गप्प बसवलं नव्हतं." मग त्यांचा आवाज उतरतो. "शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत रे कुंभोजकर. एवढ्या लोकांना निरोप दिला, माझाच तेवढा राहिला."

मी खाकरून सुरुवात करतो. निर्मळ म्हणतो, अण्णा मान हलवतात. कर्तव्यदक्ष म्हणतो, ते तोंड वाकडं करतात. कागदाचा तर लगदा झालाय. वर पाहतो तो सभागृह नाही, ऑफिसमागची आमची डबा खायची पायरी आहे. माइक मात्र हातातच आहे आणि अण्णा वाट बघतायत.

"अण्णा, तुम्ही निर्मळ बिर्मळ काही नव्हता," मी म्हणतो. "माझा डबा माझ्याआधी उघडायचात आणि वर भाजीला मीठ कमी म्हणायचात. पोरीच्या ऑपरेशनला रात्रभर माझ्याजवळ बसलात, तिथंही नर्सबाईंना भाषण दिलंत. तुम्ही गेल्यापासून मी एकटाच जेवतो. डबा संपत नाही. फार आठवण येते तुमची."

टाळ्या इतक्या वाजतात की पाणी उडून सगळ्यांचे वडे भिजतात. मी शाल उलगडतो आणि अण्णांच्या खांद्यावर घालतो. आभार मानायला ते उभे राहतात, तोंड उघडतात, आणि त्यांना एक शब्द सुचत नाही. डोळे पुसत ते खाली बसतात.

"अहो, उठा. चहा निवतोय."

बायको कप घेऊन उभी आहे, पण तिचं लक्ष माझ्याकडे नाही. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर माझ्या अंगावरची चादर आहे. टाकलेली नाही, घातलेली आहे. पाठीवरून नीट घेतलेली, दोन्ही पदर पुढे सोडलेले. हे काय नवीन, असं पुटपुटत ती घडी करायला पुढे होते.

"राहू दे गं," मी म्हणतो. "थोडा वेळ बसू दे त्यांना."