मामांचा सभात्याग

राज्यसभेच्या मानापमानासाठी भरल्या ताटावरून उठणारा माणूस उभ्या घोडपदेवात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब! लोकांना क्रिकेटचं वेड असतं, मामांना संसदेच्या दोन सभागृहांतल्या भांडणाचं. टीव्हीवर राज्यसभा लागली की मामा शर्ट घालून बसतात. लोकसभेला गंजीफ्रॉक चालतो. एखादं विधेयक वरच्या सभागृहात तासाभरात मंजूर झालं, की दिवसभर चेहरा सुतकी. "खालच्यांकडे आकडे आहेत हो, मान्य! म्हणून वरच्यांनी काय नुसते शिक्के मारायचे?" असं ते मला दरडावून विचारतात, जसा काही मीच खासदार. धनविधेयक राज्यसभेला चौदाच दिवस ठेवून घेता येतं, हे दुःख तर त्यांनी पुतणीच्या लग्नात, ऐन पंगतीत, व्याह्यांना ऐकवलं होतं.

बरं, हे टीव्हीपुरतं राहील तर मामा कसले! घरात मामी, मुलगा आणि सून म्हणजे खालचं सभागृह. वरच्यात मामा एकटेच. घरातला प्रत्येक ठराव त्यांच्याकडे जायचा आणि सूचना घेऊन परत यायचा. नव्या फ्रिजचा ठराव तीनदा परत आला. चौथ्यांदा मंजूर झाला तोवर उन्हाळा संपला होता. "नाही म्हणायचा अधिकार मला नाही. उशीर करायचा आहे," असं वर मलाच समजावलं. मामी कपाळाला हात लावायच्या. पण खरं सांगतो, या उशिरापायीच मुलगा एका लबाड बिल्डरच्या तावडीतून वाचला होता.

गेल्या वर्षी नातीला बंगळुरूला नोकरी लागली. ही नात म्हणजे मामांचा जीव की प्राण. होकार आठ दिवसांत कळवायचा होता. मामांनी ठराव समितीकडे पाठवला. समितीत कोण, तर मामाच! सातव्या दिवशी पोरगी रडकुंडीला आली, तेव्हा मामींनी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावली. मलाही बोलावणं आलं. अशा बैठकीत सगळी डोकी एकत्र मोजतात, म्हणजे मामा हरणार हे ठरलेलंच. तरी माणूस नियमाला पक्का. "संयुक्त बैठकीत खुर्ची खालच्या सभागृहाची असते," म्हणत त्यांनी स्वतःच मामींना अध्यक्ष केलं. मामी कोळंबी सोलत अध्यक्षस्थानी बसल्या.

"पुरे झाला तुमचा," मामी म्हणाल्या. "पोरीक उद्या उत्तर धाडूक होया. हात वर करा."

मुलाचा आणि सुनेचा हात वर गेला. "विरोधात कोण?" मामींनी विचारलं. नात एकटक आजोबांकडे बघत होती. मामा उठले. "माझा सभात्याग लिहून घ्या," म्हणाले आणि गॅलरीत निघून गेले.

मी तसाच मागोमाग गेलो. चिडलोच होतो. म्हटलं, "मामा, जन्मभर भांडलात आणि ऐन वेळी पळालात?"

मामा कठडा धरून उभे होते. "जावईबापू, माझा एक हात वर गेला असता ना, तर बाकीचे कितीही असोत, ती पोरगी गेली नसती हो."

माझी मान खाली गेली. या माणसाला मी इतकी वर्षं हसत आलो होतो.

पोरगी गेली. परवा सहज घोडपदेवला गेलो, तर मुलाने पडदे बदलायचा विषय काढला होता. मामा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मंजूर."

मामींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अवो," त्या म्हणाल्या, "एकदा तरी नको म्हणा!"