वर्ग ‘ड’मधला फासा

राजपाल ओव्हाळ यांची आणि त्या पुस्तकाची पहिली भेट झाली तेव्हा अर्धं वाशी गाव हादरलं. भाचीनं, म्हणजे संघप्रियानं, पुण्याहून आणलेलं ते धूड टेबलावर ठेवलं मात्र, टेबलाचा एक पाय कायमचा तिरका झाला आणि शेजारच्या वीरप्पांची म्हैस दावं तोडून थेट बाजारात जाऊन उभी राहिली. राजपालमामांना वाटलं, पोरीनं कुठल्यातरी जिल्ह्याचं अख्खं दप्तर उचलून आणलं.

निघाला खेळ. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आपण काय करणार ते तोंडानं सांगायचं, आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. जाडजूड पुस्तकात होते ते या खेळाचे नियम.

पहिल्याच रविवारी मामा ढोकीच्या साखर कारखान्यावरचे पहारेकरी झाले आणि चोरामागं भिंतीवरून उडी मारायला निघाले. उडीचा नियम पान चौदावर होता. चौदानं त्यांना एकशे नव्वदवर धाडलं, एकशे नव्वदनं बासष्टवर. तेवढ्यात चहा दोनदा झाला, चोर बहुधा लातूरला पोचला, आणि पहारेकरी भिंतीवर लोंबकळतच राहिला.

मामा एका सरकारी कचेरीत अभिलेखपाल होते. जुने कागद एकतीस वर्षं सांभाळलेला माणूस. ताटात मीठ नेहमीच्या जागी नसलं तर पहिला घास अडायचा. हे पुस्तक माणसानं लावलेलंच नाही, असा निकाल त्यांनी दिला आणि मराठीत सगळे नियम स्वतः लावून द्यायचं ठरवलं. संघप्रियाला हैदराबादेत नोकरी लागली होती. निघायला दोन महिने होते. तिच्यामुळंच तिचे दोस्त सोमेश आणि अर्पिता रविवारी खेळायला येत. ती गेली की टेबल उठणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती असेतो आपल्या पुस्तकावरनं एक डाव व्हावा, एवढंच मामांना हवं होतं.

पाच आठवडे ते लिहीत होते. सुवाच्य अक्षर, लाल समास, पानापानावर वर्ग. सहाव्या रविवारी सोमेशनं मोठ्या उत्साहानं पहिलं पान उघडलं. पहिल्या पानावर मरण होतं. मग एकोणीस पानं मरणच: बुडून, पडून, साप चावून, उसाच्या ट्रॅक्टरखाली येऊन. सोमेश बराच वेळ वाचत राहिला, मग त्यानं हळूच विचारलं की आपण अजून जन्मलो का न्हाय.

“मामा, फासा कसा टाकायचा ते कुठंय?” संघप्रियानं विचारलं.

“शेवटी. वर्ग ड.”

“शेवटी का?”

मामांनी समजावून सांगितलं. कचेरीत अ वर्गाचे कागद कायम जपतात, ब तीस वर्षं, क त्याहून कमी, आणि ड वर्षभरात नष्ट करतात. मरण कायमचं, म्हणून अ. फासा क्षणाचा, म्हणून ड. यात चुकलं काय, हे त्यांना खरोखरच कळेना.

“कागद किती टिकतो ते सरकार विचारतंय,” संघप्रिया म्हणाली. “खेळणारा एवढंच विचारतोय, मी आता काय करू? त्याचं उत्तर पहिल्या पानावर पाहिजे.”

एकतीस वर्षांत असं मामांना कुणी सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, “व्हय की गं.” मरण शेवटी न्यायचं आणि ‘ड’ची त्रेचाळीस पानं पुढं आणून पुन्हा उतरवायची, असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, डाव.

उतरवायचं काम ते कचेरीत जेवणाच्या सुट्टीत करत. सुट्टी संपली की पानं ठेवायची कुठं? पानांवर ‘ड’ लिहिलेलं. ‘ड’चा कागद दुसऱ्या फळीवर ठेवायला त्यांचा हात काही धजला नाही. ‘ड’च्या फळीवर गठ्ठा नीट बांधून ठेवला. गुरुवारी वर्षाची नाशनाची, म्हणजे ‘ड’चे कागद नष्ट करायची मोहीम आली. ‘ड’च्या अख्ख्या फळीची यादी मामांनीच केली आणि सही ठोकली. जेवणाच्या सुट्टीत फळीकडं हात नेला, तर ती पुसून लख्ख केलेली होती. उतरवून झालेली पानंही गठ्ठ्यातच होती.

रविवारी सगळे आले. मामांनी टेबलावर अ, ब आणि क ठेवले. त्यावर मरता येत होतं, म्हातारं होता येत होतं. भिंतीवरून उडी मारता येत नव्हती. सोमेश म्हणाला, राहू द्या, गप्पा मारू. अर्पितानं चहा केला.

सोमवारी संघप्रिया हैदराबादला गेली. टेबल तिरकं होतं म्हणून भंगारात दिलं.