रिठ्याच्या पाण्यातला फिरोजा

लोक छत्रपती संभाजीनगरला वेरूळ-अजिंठा बघायला जातात. मी गेले केलेलं पाप निस्तरायला.

माझी ताई पूर्वी अमेरिकेत होती. तिथं न्यू मेक्सिकोत झुनी नावाचं मूळ रहिवाशांचं गाव आहे. चांदीत फिरोजा बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. तिथल्या एका नवरा-बायकोकडून ताईनं एक ब्रोच घेतला होता. गोल फूल, आणि प्रत्येक पाकळी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा निळा खडा, चांदीच्या आपापल्या घरात बसवलेला. मे महिन्यात एका लग्नापुरता तो मी मागून आणला. परत द्यायच्या आधी चांदी काळवंडलेली दिसली, म्हणून आपल्याकडे घरोघरी करतात तेच केलं. गरम पाण्यात रिठे घातले आणि ब्रोच तासभर बुडवून ठेवला. चार खडे निघून आले. तीन सापडले, चौथा मोरीतून गेला.

ताईला सांगितलं, "लॉकरमध्ये ठेवलाय गं, बँकेत जाणंच होत नाही." सहा महिने हीच टेप.

नाशिकमध्ये कुणी सराफ हात लावेना. शेवटी एकानं संभाजीनगरच्या युसूफभाईंचं नाव सुचवलं. ते बिदरीचं काम करतात, म्हणजे काळ्या धातूत चांदीची तार ठोकून नक्षी भरतात. नाशिकहून येवला-वैजापूरमार्गे एसटीनं पाचेक तास लागतात, बायकांना अर्धं तिकीट. सकाळच्या गाडीत डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही.

गुलमंडीच्या बाजारपेठेमागच्या एका बोळात त्यांची खोली आहे. वय सत्तरीकडे, डोळ्याला भिंग. ब्रोच हातात घेण्याआधी त्यांनी बोटं लुंगीला पुसली.

"गरम पान्यात टाकलं व्हय?"

"रिठ्याच्या."

"तरीच." रिकाम्या घरातून त्यांनी सुईनं काहीतरी टोकरलं आणि हुंगलं. "लाकडाचा भुसा हाय, ताई. खडा नीट बसावा म्हणून खाली भरलाय. पानी पिऊन भुसा फुगला न् त्यानं खड्याला वर ढकललं. आमच्यात तिथं लाख भरतेत." मग ब्रोच फिरवून ते एकेक पाकळी न्याहाळत गेले. "एवढ्याशा जागेत एवढी सफाई! लई नाजूक हात हाय."

हरवलेल्या खड्यासाठी त्यांनी डबीतून जुन्या अंगठीतला फिरोजा काढला. "घासून दाना करतो. पन रंग जुळनार नाय. दिसंल."

"चालेल, बसवा."

"चीज तुमचीच ना?"

हो म्हणायला काय जात होतं? पण तोंडातून निघालं, "ताईची."

त्यांनी फिरोजा डबीत ठेवला, ब्रोच फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर सरकवला. "मग विचारून या. मालकाच्या तोंडून आल्याबिगर पराया चीजेला हत्यार लावत नाय आम्ही. अब्बांपासून हेच चालत आलंय."

मला संताप आला. पाच तास खडखडत आले ती हे ऐकायला? लॉजवर बसवेना, म्हणून काळी-पिवळी जीपमध्ये बसून पडेगावमार्गे दौलताबाद गाठलं. किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळांच्या पाट्या लागतात. डोळा पडून मऊ झालेली घ्या, पण लगेच खायची असतील तरच. मी दोन खाल्ली, खंदकावरच्या पुलापर्यंत चढले आणि तिथल्या दगडावर बसून फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं.



"म्हणजे लॉकर खोटं?" ताई म्हणाली.

"हो."

"खड्याचं राहू दे. सहा महिने मी फोन केला की तुला घाई असायची. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिच्या ओरड्याला भीत होते, आणि ती बिचारी स्वतःला बोल लावत बसली होती. मला तिथंच रडू आलं. सहलीला आलेली पोरं बघत होती, बघू देत.

"बसवा म्हणून सांग त्यांना," ती शेवटी म्हणाली. "रंग वेगळा तर वेगळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी युसूफभाईंनी फोन स्पीकरवर घेऊन तिच्या तोंडून होकार ऐकला आणि मगच काम हातात घेतलं. शेजारच्या सुताराकडून भुसा आणून तो चाळला, निघालेले तीन खडे परत बसवले. फिरोजा ओल्या दगडावर घासत, दर दोन-चार घासांनी घरात बसवून बघत राहिले. दुपार झाली तरी त्यांना घाई नव्हती. तुम्ही अशा कामाला जाणार असाल तर मुक्कामाचीच तयारी ठेवा. मजुरी आधी विचारा, पण घासाघीस करू नका. शेवटी चांदीची कड खड्यावर दाबून त्यांनी ब्रोच माझ्या तळहातावर ठेवला. नवा खडा आकाशी, बाकीचे किंचित हिरवट. कुणालाही दिसेल असा.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या बारशाला ताई तो लावून आली. एका मावशींनी बोट ठेवलंच, "हा एक वेगळा का गं?"

"हा आमच्या कुंदाचा," ताई म्हणाली. "हिनं घालवला आणि हिनंच आणला."

माझी मान खाली गेली. तेवढ्यात तिनं स्वतःच्या पदराचा ब्रोच काढला आणि माझ्या पदराला लावला.

"आजच्यापुरता," मी पुटपुटले.

"राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "मागायला म्हणून तरी फोन करत जाईन."