कपाटाच्या दाराचा कॉम्प्युटर

माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला डाव्या बाजूला काच होती. बाबांनी पहिला हातोडा त्या काचेवरच घातला. ती काच तडकत नाही, एकदम फुटते. सुतळी बॉम्ब वाजावा तसा आवाज झाला आणि साबुदाण्याएवढे दाणे खोलीभर उडाले. माझ्या केसांत, गादीवर, आई निवडत बसली होती त्या कोथिंबिरीत. दुसरा घाव वरच्या पत्र्यावर बसला, तिसरा पुढच्या पंख्यावर. चौथ्याच्या वेळी मी मध्ये शिरले. तेव्हा त्यांनी हातोडा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने माझ्या कानाखाली काढली. तेवढ्या रागातही त्यांनी हातोडा बाजूला केला, ही गोष्ट मी आजही त्यांच्या बाजूने धरते.

"ह्या खोक्यानं माजलंस तू," ते धापा टाकत म्हणाले. "चार पैसे मिळवतंस म्हणून मोठ्यांची तोंडं बंद करणार काय गो?"

कुडाळहून एक स्थळ आलं होतं. मध्यस्थ बाबांच्या गावचे. आदल्या दिवशी त्यांचा फोन मी घेतला आणि सरळ सांगितलं, मला लग्न करायचं नाही, पुन्हा फोन करू नका. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. जाहिरातींसाठी थ्रीडी चित्रं करायचे, काम घरूनच चालायचं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत माझी म्हणावी अशी एकच वस्तू होती. ती फोडून बाबा हातपाय धुवायला गेले. मग जेवायला बसले. आईने कोथिंबीर टाकून दिली आणि त्यांना आमटी वाढली.

मार आमच्याकडे नवीन नव्हता. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. तो बंद पडल्यावर तिथल्याच एका ग्रिलवाल्याकडे अर्धा दिवस जायला लागले. लोखंडावर चालणारे त्यांचे हात घरी आल्यावरही थांबायचे नाहीत. मला ते स्टीलच्या फूटपट्टीने मारायचे, आडवी नाही, धारेवर उभी धरून. मारून झालं की पट्टी तेलाच्या फडक्याने पुसून पेटीत ठेवायचे. पेटी गॅलरीत असायची आणि तिला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. आईने एकदा नारळ फोडायला त्यातला हातोडा घेतला, तर पुढे आठवडाभर तिने पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घातले.

मला सोमवारी काम पाठवायचं होतं. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. मी वाकडा झालेला सांगाडा उघडला, मदरबोर्ड बाहेर काढला आणि आंब्याच्या रिकाम्या खोक्यावर ठेवला. चालू करायचं बटण चेपून गेलं होतं, म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना जोडल्या. पंखा फिरला. पडद्यावर माझं अर्धवट काम जसंच्या तसं आलं. तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. मला बाबांच्या तोंडावर हसायचं होतं.

पुढे मी तसंच काम करत राहिले, सगळी आतडी उघडी टाकून. नवीन कॅबिनेट मागवलं असतं तर दोन दिवसांत दारात आलं असतं. पण मला बाजारचं नको होतं. मला असं हवं होतं की त्याच्यावर हातोडा घातला तर मारणाऱ्याचं मनगट दुखलं पाहिजे.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टाकीमागे कोणीतरी जुन्या लोखंडी कपाटाचं दार टाकून दिलं होतं. हिरवट राखाडी रंग, जाड पत्रा, दोन माणसांनी उचलावं असं वजन. मी वर्तमानपत्र चिकटवून आराखडा काढला. बोर्ड उभा राहणार, ग्राफिक्स कार्डला एवढी जागा, मागून वायरी, पुढून दोन पंखे. मग बाबा भांडुपला गेले की त्यांची पेटी गच्चीवर न्यायची आणि ते यायच्या आत परत जागेवर ठेवायची. पंपाच्या खोलीतून वायर ओढून पेटीतला ग्राइंडर लावला, पत्रा कापायचं फिरत्या पात्याचं हातयंत्र. हत्यारं कशी धरायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पण लहानपणापासून बाबांच्या हातांवर नजर ठेवूनच मी मोठी झाले होते, ते कधी उठतात हे कळावं म्हणून. त्या नजरेनेच मी शिकले.

पहिल्या दिवशी जुन्या सांगाड्याचे रिवेट ड्रिलने उडवले आणि बोर्ड बसवायची पाठ तेवढी वेगळी काढली. दुसऱ्या दिवशी पंख्यांची गोल भोकं. एवढं मोठं भोक पाडायचं पातं पेटीत नव्हतं, म्हणून कंपासने वर्तुळ काढलं, त्याच्या कडेने शेजारी शेजारी बारीक भोकं पाडली, मधला तुकडा हातोड्याने ठोकून पाडला आणि कडा कानशीने घासल्या. तिसऱ्या दिवशी पत्रा वाकवायचा होता. दोन लोखंडी अँगलच्या मध्ये तो आवळून धरला आणि ठोकायला लागले. हातोडा तोच होता. प्रत्येक घावाला मी मनात एक एक वर्ष मोजत होते. चौथी, शाळेच्या सहलीला जाते म्हणाले म्हणून. सातवी, गणित. बारावी, एका मुलाने घरी फोन केला म्हणून. पत्रा वाकून काटकोनात आला तरी मी ठोकतच राहिले. त्या बाजूला अजून पोचे आहेत.

चौथ्या दिवशी बाबा लवकर घरी आले. पेटी जागेवर नव्हती.

मी मागच्या तुकड्यात वायरींसाठी खाच कापत होते. तुकडा विटांवर ठेवून एका पायाने दाबला होता. ग्राइंडरच्या आवाजात मला जिन्यावरची पावलं ऐकू आली नाहीत. ठिणग्यांच्या पलीकडे चपला दिसल्या आणि मी वर पाहिलं. गच्चीच्या दारात आई उभी होती.

"कोणाक विचारून घेतलंस?" बाबा ओरडले आणि त्यांचा हात उठला.

मी ग्राइंडर बंद केला नाही. तो तसाच, फिरत्या पात्यासकट, त्यांच्याकडे वळवला. आमच्यात दीड हाताचं अंतर असेल.

"मारा ना," मी म्हणाले. "या, मारा."

ते थांबले. मी एक पाऊल पुढे टाकलं. ते एक पाऊल मागे गेले. मी अजून एक टाकलं. आता त्यांची पाठ टाकीला लागली. आई दारातून काहीतरी ओरडत होती, मला फक्त तिचं उघडं तोंड दिसत होतं. बाबांचा हात अजून वर होता, पण आता तो मारायला उठलेला नव्हता, तोंड झाकायला होता. साठीचा माणूस, बनियनवर शर्टाची बटणं उघडी, कपाळावर घाम. मला त्यांची दया आली असती तर लिहायला बरं वाटलं असतं. मला मजा आली. पोटातून वर येणारी, गरम अशी मजा. पातं त्यांच्या हातापासून वीतभर लांब होतं आणि मी ते अजून जवळ नेऊ शकते हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही.

मग मी वळले आणि परत कापायला लागले. त्यांच्याकडे पाठ करून बसणं हा माझा शेवटचा वार होता. तो मलाच भोवला. माझं लक्ष पाठीमागे होतं, खाच वाकडी गेली आणि पातं पत्र्यात अडकलं. ग्राइंडरने उसळी मारली. बाबांनी त्याचं झाकण कधीच काढून टाकलं होतं, कामात मध्ये येतं म्हणून. उघडं पातं माझ्या डाव्या हातावरून गेलं, मनगटाच्या चार बोटं वर.

आधी काहीच दुखलं नाही. आत पांढरं काहीतरी दिसलं, मग ते लाल झालं आणि भरभर वाहायला लागलं. बाबांनी धावत जाऊन वायर उपटली. अंगातला शर्ट काढला, माझ्या हाताला गुंडाळला आणि दोन्ही हातांनी असा आवळला की मी किंचाळले.

"गप, मेल्या!" ते म्हणाले. मला मुलगा समजून शिवी देत होते, इतके घाबरले होते. "हात वर धर. वर!"

रिक्षात ते बनियनवरच बसले. हात सोडला नाही.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची असेल. तिने जखम धुतली, बोटं हलवून दाखवायला सांगितली आणि नस वाचली म्हणाली. मग तिने माझ्या गालाकडे पाहिलं. आठ दिवसांनी सूज उतरली होती, पण डोळ्याखाली पिवळं-जांभळं अजून होतं. तिने बाबांना बाहेर थांबायला सांगितलं आणि पडदा ओढला.

"हे त्यांनी केलं का?" तिने हळूच विचारलं.

"हाताचं नाही," मी म्हणाले.

ती सुई हातात धरून थांबली. "पोलिसांना कळवायचं का? तू सांगशील तसं करू."

पडद्याच्या खालच्या फटीतून बाबांच्या चपला दिसत होत्या. ते लांब गेलेच नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. मी खूप वेळ काही बोलले नाही, आणि तो वेळ त्यांना पडद्याबाहेर उभं राहून काढावा लागला. शेवटी मी "नको" म्हणाले. प्रेमापोटी नव्हे. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की उद्या पोलीस घरी आले तर गच्चीवरचं काम अर्धवट राहील. अकरा टाके पडले.

पंधरा दिवसांनी टाके निघाल्यावर मी पुन्हा पेटीला हात लावला. ह्या वेळी बाबा घरात होते, पेपर वाचत होते. मी त्यांच्या समोरून पेटी उचलली, त्यांनी पेपर खाली केला नाही. गच्चीवर जाऊन बघते तर ग्राइंडरला झाकण बसवलेलं होतं, नवे स्क्रू घालून.

उरलेलं काम मी त्या आठवड्यात संपवलं. बाजू रिवेट केल्या, लोखंडाला मारतात तो तांबडा प्रायमर लावला, वर दुसरा रंग दिलाच नाही. चालू करायला पेटीतलं कारखान्यातल्या मशीनचं हिरवं बटण बसवलं, अंगठ्याएवढं मोठं. आत लोखंडाचा कीस राहिला तर बोर्ड जळतो, म्हणून लोहचुंबक फडक्यात गुंडाळून कोपरा न् कोपरा फिरवला. तयार झाल्यावर ते कॉम्प्युटरसारखं दिसत नव्हतं. रंगवायचं राहून गेलेल्या विजेच्या मीटरच्या पेटीसारखं दिसत होतं. कडा वाकड्या, एक भोक दुसऱ्यापेक्षा मोठं. बटण दाबलं आणि ते घुमायला लागलं. बाबा उठून खोलीत आले. त्यांनी वरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, कच्च्या मालाची जाडी बघतात तसं, आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांनी मला कधी मारलं नाही. आईलाही नाही. स्थळाचा विषय निघाला नाही. मी घरात मोठ्याने बोलायला लागले. जेवण उशिरा झालं की मी बोलायचे, टीव्हीचा आवाज वाढला की मी खोलीतून ओरडायचे आणि बाबा मुकाट्याने आवाज कमी करायचे. मला वाटायचं, मी हे घर सुधारलं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आईला चकलीची भाजणी चाळायला जागा हवी होती, मिक्सरही लावायचा होता. तिने माझ्या टेबलामागचा प्लग काढून मिक्सरचा लावला. माझं सहा तासांचं काम पडद्यासकट गेलं. मी खुर्ची मागे ढकलून उठले आणि तिच्याकडे गेले. मी तिला मारणार होते का? मी स्वतःला हे बऱ्याचदा विचारलं आहे. माझा हात वर होता, एवढं मला आठवतं.

आईने दोन्ही हातांनी डोकं झाकलं, कोपरं आत घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. अगदी सवयीने. पदराला हात पुसावेत इतकं सहज.

खुर्चीत बसलेल्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओळख होती.

महिन्याभरात मी बोरीवलीला एका मैत्रिणीबरोबर भाड्याने राहायला गेले. ते खोकं टेम्पोत चढवताना हमालाच्या बोटाला कड लागली. मी त्याला पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी बसून सगळ्या कडांना कानस मारली. ते आजही माझ्या टेबलाखाली आहे, आतलं सामान दोनदा बदललं.

गेल्या वर्षी आईला म्हटलं, ये ना थोडे दिवस माझ्याकडे, पोईसरची भाजी मंडई दाखवते, नॅशनल पार्कात फिरू.

"मी कशाला येऊ गं?" ती म्हणाली. "आता कुठे घर शांत झालंय."