तीन पुरलेले बनियन

सिल्वासात मी इतक्या थापा मारत असे, की मी वेळ सांगितली तरी लोक स्वतःचं घड्याळ बघत.

माझी घरमालकीण डोंगरउतारावरचं वावर विकून खालचं, कारखान्यालगतचं पडीक शेत कसणार होती. मातीतले जंतू सुती कापड खातात आणि त्यातला कार्बन हवेत सोडतात, म्हणून कुठली माती जिवंत आहे ते बघायला आषाढात मी तीन बनियन पुरले. माथ्यावर एक, उतारावर एक, खालच्या शेतात एक. खाली ऊब जास्त, तिथला आधी संपायला हवा होता. दसऱ्याला उकरले. माथ्यावरच्याची जाळी झाली होती, उतारावरच्याची नुसती शिवण उरली होती. खालचा मात्र धुऊन लग्नाला घालून जाता आला असता. त्या शेतात कारखान्याचं रंगीत पाणी मुरायचं.

“मावशी, ही माती मेलीय. वरचं विकू नका.”

“आणि परवा बिबट्याला चहा कोणी पाजला, भाऊ?” ती हसली.

वरचं वावर विकलं गेलं. पुढच्या वर्षी खालचा भात वीतभर वाढून पिवळा पडला.

“तेव्हा शपथ का नाही घेतली?” तिने विचारलं.

मी बिबट्याच्या वेळी आईची शपथ घेतली होती.