उभ्या गाडीची चूक

माझ्या उभ्या गाडीने, आत कोणी नसताना, चढ चढून पुढच्या गाडीला धडक दिली, असं मी विमा कंपनीला सहीनिशी लिहून दिलं आहे. लिहिताना मी पूर्ण शुद्धीवर होतो. (आणि हो, मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो!)

त्या रविवारी आमच्या केतकीच्या साखरपुड्याची तारीख ठरवायला मुलाकडचे दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आले होते. मुलाचे वडील दिघे साहेब सावली गावातल्या एका कारखान्यात मोठे अधिकारी. तारीख ठरली, बटाट्याचा ओलसर 'लीला चिवडा' संपला, पुन्हा आणला, पुन्हा संपला, आणि मंडळी निघाली. आमच्या गल्लीला चढ आहे. माझी गाडी खालच्या अंगाला, दिघ्यांची तिच्यापुढे, वर. साहेबांनी ऐटीत पहिल्याऐवजी रिव्हर्स गिअर टाकला आणि धाडकन मागे आले! माझा बंपर फुटला, एक दिवा लोंबायला लागला, बॉनेट दुमडलं. त्यांचाही मागचा दिवा फुटला.

साहेब खाली उतरले आणि माझ्याचकडे रागाने बघायला लागले.

"इथे गाडी कोणी लावली?"

"मीच. म्हणजे... घर माझंच आहे ना!"

"फार पुढे लावलीत."

बायकोने माझ्या दंडाला करकचून चिमटा घेतला. "अहो, मुलीकडचे आहोत आपण!"

"हो हो, फारच पुढे!" मी म्हणालो. "चूक आमचीच!"

अपघातात चूक कोणाची हे ठरवायला आपल्याकडे कायदा लागत नाही. मुलीकडचे कोण एवढं कळलं की पुरे.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही क्लेम केला नव्हता, म्हणून त्यांना हप्त्यात घसघशीत सवलत मिळत होती. ती एका फुटक्या दिव्यासाठी घालवायची? "त्यापेक्षा तुम्ही लिहा ना, की तुमचा हँडब्रेक ओढलेला नव्हता आणि तुमचीच गाडी घरंगळली. माझा खर्च तुमच्या विम्यातून निघेल. शेवटी नात्यातलीच गोष्ट!" मी हसलो. अडला की माणूस हसतो! फोन ठेवला आणि नात्याला स्मरून लिहून टाकलं.

मग कंपनीचा सर्व्हेअर आला. तरुण गुजराती मुलगा. त्याने गाडी पाहिली, गल्ली पाहिली आणि मग बराच वेळ मला पाहिलं.

"काका, तमारी गाडी आपोआप ढाळ चडी गई?"

"जरा... वेगात होती," मी म्हणालो.

"ऊभी हती ने?"

"उभीच होती!"

तो बिचारा पायरीवरच बसला. मग त्याने मला समजावलं की दिघ्यांना माझ्या विम्यातून पैसे हवे असतील, तर त्यांनी आधी पोलिसात नोंद करायची आणि मग न्यायाधिकरणात माझ्यावर दावा लावायचा. म्हणजे आधी साखरपुडा की आधी दावा, तेवढाच मुहूर्त काढायचा राहिला होता! राहता राहिली माझी गाडी. "साचुं लख्युं होत तो पैसा मळत, भूल गमे तेनी होय!" तो म्हणाला. चूक कोणाचीही असली तरी माझ्या गाडीचा बराचसा खर्च माझ्याच विम्यातून निघाला असता, फक्त खरं लिहायला हवं होतं. आता खोटी माहिती दिली म्हणून क्लेम बाद.

मी घाबरत घाबरत दिघ्यांना फोन लावला. केतकी समोरच बसली होती.

"दावा? छे छे, नात्यात कोर्टकचेरी कशाला?" साहेब मोठ्या मनाने म्हणाले. "तुम्ही आपले रोखच देऊन टाका."

"हो हो, देतो ना! चूक आमचीच..."

केतकीने फोन माझ्या हातातून घेतला. "काका, रिव्हर्स तुम्ही टाकलात. पैसे बाबा पाठवतील, त्यांनी कबूल केलेत. लग्नाचं मात्र राहू द्या." आणि फोन बंद!

"अगं, एवढ्याशा बंपरपायी?" मी ओरडलो.

"बाबा, दिघ्यांचा मुलगा तेव्हा गाडीतच बसला होता. त्याने सगळं पाहिलं आणि काच वर केली. त्याचं एक असो. पण तुम्हाला उभ्या गाडीची बाजू घेता आली नाही. उद्या तिथे मला कोणी बोललं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

काय म्हणालो असतो, ते मला तोंडपाठ होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दोन्ही गाड्या माझ्या पैशाने दुरुस्त झाल्या. नातेवाइकांचे फोन येतात, "ठरलेलं लग्न कोणाच्या चुकीने मोडलं हो?" मी सवयीने म्हणतो, "आमच्याच!" आणि हा एकच क्लेम असा, की सर्व्हेअर न पाठवता सगळ्यांनी जागच्या जागी मंजूर केला!